ॲप्ट अडून बसलं तर

चार उबुंटू आणि दोन डेबियन सर्व्हर तुझ्या गळ्यात पडलेत, असं तुझ्या बाबाकडून कळलं. अभिनंदन करू की सांत्वन, ते तू ठरव. तुझा फोन येणार हे मला माहीत आहे, आणि तो रात्री दीडला येणार हेही. तेव्हा मी उचलणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. कमांड फोनवर सांगेन तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप कशा करायच्या ते तुला येतं.

आधी एक नीट समजून घे. 'अनमेट डिपेंडन्सीज' असं दिसलं की पोरं घाबरून म्हणतात, सिस्टिम तुटली. बहुतेक वेळा काहीही तुटलेलं नसतं. वेबसाइट चालू असते, डेटाबेस चालू असतो. ॲप्टपुढे फक्त एक हिशेब आलेला असतो आणि तो जुळत नसतो: या पॅकेजला लायब्ररीचं अमुक व्हर्जन हवं, मशीनवर आहे तमुक. न जुळणाऱ्या वहीवर सही करायला ॲप्ट नकार देतं, एवढंच. त्या नकाराचा राग धरून जे लोक 'फोर्स' असलेले पर्याय शोधायला लागतात, खरी तोडफोड तेच करतात.

वही म्हटलं ते उगाच नाही. /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही साध्या मजकुराची फाइल आहे. मशीनवर कोणतं पॅकेज आहे, कुठल्या व्हर्जनचं, त्याला कोणाची गरज, ते नीट बसलं की अर्ध्यात राहिलं, सगळं तिच्यात. एकदा नुसती उघडून वाच, हात लावू नकोस. ही वही डीपीकेजी सांभाळतं. डीपीकेजी खालच्या थरावरचं: हातात डेब फाइल दिली की ती उलगडून बसवायची, लागणारी बाकीची पॅकेजं कुठून आणायची ते त्याला ठाऊक नाही. ती जबाबदारी वरच्या थरावरच्या ॲप्टची. डेबियन १९९३ पासूनचं, ॲप्ट आलं १९९८ मध्ये. त्याआधी डीसिलेक्ट नावाचा प्रकार होता, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

ही जुळवाजुळव दिसते तेवढी सोपी नाही, बरं का. एखादा पॅकेजसंच एकत्र बसू शकतो की नाही हे ठरवणं सर्वसाधारणपणे एनपी-कम्प्लीट, म्हणजे दर वेळी झटपट सोडवायची रीत माहीत नसलेलं कोडं आहे, हे युरोपातल्या एडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास दाखवून दिलं. म्हणून ॲप्टने 'जमत नाही' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'मला सापडलं नाही' इतकाच घ्यायचा. अशा वेळी ॲप्टिट्यूड बसवून त्याला तीच कमांड दे. ते एकामागून एक पर्याय सुचवतं, नको म्हटलं की पुढचा दाखवतं. त्याचा पहिला पर्याय बहुतेकदा 'जे आहे ते राहू दे, नवं बसवू नको' असा आळशी असतो. दुसरा, तिसरा बघ.

आता मुख्य गोष्ट, बाकी विसरलास तरी चालेल. एका रिलीजच्या अधिकृत रिपॉझिटरीतली पॅकेजं आपसांत क्वचितच भांडतात, ती एकमेकांशी जुळवूनच बाहेर सोडलेली असतात. भांडण लागलं, म्हणजे मशीनवर बाहेरचं काहीतरी आलंय. कुणीतरी पीपीए, म्हणजे बाहेरची रिपॉझिटरी, जोडला, कुणी एखाद्या कंपनीच्या साइटवरून डेब उतरवून घेतली, कुणी डेबियन स्टेबलच्या यादीत टेस्टिंगची ओळ घुसवली. ते बाहेरचं पॅकेज सापडलं की काम झालं.

सापडायचं कसं? ॲप्ट पॉलिसी, पुढे भांडणाऱ्या पॅकेजचं नाव. मशीनवर कोणतं व्हर्जन आहे, ॲप्टला कोणतं बसवायचंय, आणि खाली प्रत्येक व्हर्जन कुठून आलं त्याची यादी येते. साध्या रिपॉझिटरीपुढे ५०० हा आकडा असतो. बसलेल्या व्हर्जनखाली जर १०० आकड्याची, त्या स्टेटस फाइलची एकच ओळ असेल, तर ते व्हर्जन आज कुठल्याच रिपॉझिटरीत नाही. कधीकाळी आलं आणि राहिलं. सगळी अशी पॅकेजं एकदम बघायची तर 'ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड' चालवून त्यात 'लोकल' शब्द शोध. मी नवी मशीन ताब्यात घेते तेव्हा काही बिघडलेलं नसतानाही ही यादी आधी काढते. आधीच्या माणसाने काय काय करून ठेवलंय ते दोन मिनिटांत कळतं, आणि तो ते स्वतःहून कधी सांगत नाही.

पण त्याआधी 'ॲप्ट अपडेट' चालवून जे येतं ते पूर्ण वाच. त्यातच एखादी रिपॉझिटरी ४०४ देत असेल किंवा किल्ली जुनी झाली म्हणून नाकारली जात असेल, तर ॲप्टकडे अर्धीच माहिती आहे आणि चांगली पॅकेजंही लोकल दिसतील. मुदत संपलेल्या रिलीजची पॅकेजं मुख्य सर्व्हरवरून हलवतात, उबुंटूची ओल्ड-रिलीजेसवर, डेबियनची आर्काइव्हवर. तुझ्या सहापैकी एखादी मशीन अशी निघणारच.

नेहमीचा प्रकार सांगते. कुणाला पीएचपीचं नवं व्हर्जन हवं होतं, त्याने पीपीए जोडला. त्याबरोबर दोन-चार लायब्रऱ्याही नव्या आल्या. पुढे उबुंटूचं रिलीज अपग्रेड झालं. अपग्रेड करणारा प्रोग्राम बाहेरचे सगळे स्रोत बंद करतो, पण तिथून आलेली पॅकेजं काढत नाही. आता त्या लायब्रऱ्यांचं व्हर्जन अधिकृत व्हर्जनपेक्षा वरचं आहे, आणि ॲप्ट आपणहून कधी खाली उतरत नाही. सगळं सुरळीत दिसतं. मग एक दिवस कुणीतरी एखादं 'डेव्ह' पॅकेज बसवायला जातो आणि गाडी अडते. डेव्ह पॅकेज आपल्या लायब्ररीचं तंतोतंत तेच व्हर्जन मागतं, बरोबरीच्या चिन्हासकट. म्हणून एररमध्ये डेव्ह दिसलं आणि पुढे बरोबरीचं चिन्ह दिसलं, की गुन्हेगार ते डेव्ह नाही. त्याची लायब्ररी बाहेरची आहे.

एरर एकाच पायरीची गोष्ट सांगते, हेही लक्षात ठेव. 'क ला ख हवं, पण ते बसणार नाही' असं म्हणून ती थांबते. का बसणार नाही, ते सांगत नाही. मग तू 'ॲप्ट इन्स्टॉल ख' असं विचार. ती म्हणेल, ख ला ग हवं. मग ग विचार. असं खाली जात राहिलास की एका पायरीवर दोन आकडे समोरासमोर दिसतात: हवं हे, आहे ते. तिथे थांब, तिथे पॉलिसी चालव. शेवटी 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' अशी ओळ येईल, तिच्यावर फारसा विश्वास ठेवू नकोस. पुष्कळदा कुणीही काही होल्ड केलेलं नसतं. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवून बघ, रिकामं आलं तर ती ओळ विसर.

'केप्ट बॅक' ही वेगळी भानगड, ती बिघाडच नाही. उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने सोडतं, आणि २१.०४ पासून ॲप्ट तो क्रम पाळतं. तुझा नंबर आला की येईल. मध्येच जबरदस्ती करायची काही गरज नाही. दुसरं कारण असं, की 'ॲप्ट अपग्रेड' बसलेलं कुठलंही पॅकेज काढत नाही. काढल्याशिवाय भागत नसेल, तर ते पॅकेज मागे ठेवतं. काढायची परवानगी 'फुल-अपग्रेड'ला असते.

आणि म्हणूनच काढण्याची यादी आधी वाचायची. बसणाऱ्या पॅकेजांची नावं कितीही असोत, 'रिमूव्ह्ड' खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय 'वाय' दाबायचं नाही. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतलं. त्या दिवशी रिपॉझिटरीत एक गोची होती, ॲप्टने हिशेब जुळवला तो अख्खा डेस्कटॉप काढून. इशारा दिला, 'येस, डू ॲज आय से' हे पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्याने केलं. डेस्कटॉप गेला, आणि ते लाखो लोकांनी पाहिलं. पुढे ॲप्टच बदललं, अत्यावश्यक पॅकेजं काढून हिशेब जुळवणं त्याने बंद केलं. लोक त्याला हसले, मला हसू आलं नाही. इशारे न वाचता पुढे जायची सवय आपणच लोकांना लावली आहे. 'ॲप्ट' नंतर 'डॅश एस' लावलंस, की काही न करता नुसतं काय होणार ते दिसतं. प्रॉडक्शनवर मी याशिवाय काही बसवत नाही.

अपग्रेड अर्ध्यात थांबलं असेल तर प्रकार वेगळा. लाइट गेली, एसएसएच तुटलं, डिस्क भरली. 'डीपीकेजी डॅश एल' चालव आणि डावीकडची दोन अक्षरं बघ. 'आयआय' म्हणजे व्यवस्थित. 'आरसी' म्हणजे काढलेलं, फक्त कॉन्फिगरेशन उरलेलं, त्याची चिंता नको. 'आययू' उलगडलं पण मांडलं नाही, 'आयएफ' मांडता मांडता अडलं. या शेवटच्या दोघांसाठी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने. त्याआधी 'डीएफ' चालवून जागा बघ. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर पुष्कळदा ते जुन्या कर्नलांनी भरलेलं असतं आणि सगळी रडारड तिथूनच असते. दूरच्या मशीनवर अपग्रेड करताना टीमक्स किंवा स्क्रीनच्या आतच करायचं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते.

लॉकची फाइल उडवू नकोस. 'कुड नॉट गेट लॉक' आलं म्हणजे दुसरं कुणीतरी वहीत लिहितंय, बहुतेकदा अनअटेंडेड-अपग्रेड्स. चहा पिऊन ये. नेटवर पहिलाच सल्ला 'लॉक डिलीट करा' असा मिळतो. दोघांनी एकाच वेळी वहीत लिहिलं तर काय होईल याचा विचार तो देणाऱ्याने केलेला नसतो.

नावं बदलण्याचाही एक सध्याचा घोळ आहे. ३२ बिटांत मोजली जाणारी वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यावर उपाय म्हणून डेबियन-उबुंटूने ३२ बिटांच्या एआरएमवर वेळ ६४ बिटांची केली. लायब्ररी आतून बदलली म्हणून नावही बदलावं लागलं, आणि नाव सगळ्याच आर्किटेक्चरवर बदललं. उबुंटू २४.०४ मध्ये लिबएसाउंड२ चं लिबएसाउंड२टी६४ झालं. त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमधलं 'इन्स्टॉल लिबएसाउंड२' तिथे अडतं, उमेदवार पॅकेज नाही म्हणतं. तुझ्या ६४ बिटांच्या इंटेल मशीनवर आतलं काही बदललेलं नाही, नव्या नावाचं पॅकेज जुन्या नावाचीही जबाबदारी घेतं. स्क्रिप्टमध्ये नाव बदल, झालं. जुन्या रिलीजमधलं लिबएसाउंड२ ओढून आणलंस, तर बाहेरच्या पॅकेजांच्या यादीत तू स्वतः एक भर घातलीस.

आता लायब्ररीच सापडत नाही, तो प्रकार. इथे ॲप्ट खूश असतं, पण प्रोग्राम चालवला की 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१, नो सच फाइल'. त्या पूर्ण नावाला सोनेम म्हणतात, आणि त्यातला १.१ शोभेचा नाही. लायब्ररी अशी बदलली की तिच्यावर आधीच बांधलेले प्रोग्राम मोडतील, तरच तो आकडा बदलायचा असा करार आहे. ओपनएसएसएल ३ सप्टेंबर २०२१ मध्ये आलं, आणि उबुंटू २२.०४ व डेबियन १२ मध्ये १.१ उरलंच नाही. मग कुणीतरी हुशार मनुष्य ३ च्या फाइलला १.१ नावाची सिमलिंक देतो. फाइल सापडते, आणि पुढच्याच क्षणी 'व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड'. नाव फसवलं तरी आतल्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का असतो, तो फसत नाही. जिथे असा शिक्का नसतो, त्या लायब्रऱ्यांत ही युक्ती चालते, आणि ते जास्त वाईट. प्रोग्राम आज चालतो आणि तीन आठवड्यांनी भलत्याच ठिकाणी कोसळतो. कुणाला आठवत नसतं की मध्ये एक सिमलिंक होती.

मग करायचं काय? तो प्रोग्राम नव्या लायब्ररीवर बांधलेला मिळतो का बघ. नसेल तर त्याला जुन्या रिलीजच्या कंटेनरमध्ये बसव, त्याच्या लायब्रऱ्यांसकट. १.१.१ चा आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला आहे, तेव्हा ते जगाकडे तोंड करून उघडं ठेवू नकोस. प्रोग्रामला काय काय लागतं ते एलडीडी सांगतं. पण अनोळखी बायनरीवर एलडीडी चालवायचं नाही, काही परिस्थितीत ते त्या प्रोग्रामचाच कोड चालवू शकतं. तिथे 'ऑब्जडम्प डॅश पी' आणि 'नीडेड' शब्दाच्या ओळी. हवी ती फाइल कुठल्या पॅकेजात मिळेल ते ॲप्ट-फाइल सांगतं, मशीनवरची फाइल कुणाची ते 'डीपीकेजी डॅश एस', मोठा एस. कुणाचीच नाही म्हटलं आणि फाइल /यूएसआर/लोकल/लिब मध्ये असली, तर कुणीतरी 'मेक इन्स्टॉल' करून गेलंय. डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत लोडर /यूएसआर/लोकल आधी बघतो. त्यामुळे ॲप्टने कितीही नवी लायब्ररी बसवली तरी प्रोग्रामच्या हाती जुनीच पडते, आणि वहीत याचा पत्ता नसतो. फाइल बाजूला हलव, 'एलडीकॉन्फिग' चालव.

जीलिबसी, म्हणजेच लिबसी, मात्र वेगळी. 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' असं उबुंटू २०.०४ वर दिसेल, कारण तिथे २.३१ आहे. प्रोग्राम नव्या मशीनवर बांधला आणि जुन्यावर आणला, एवढंच झालंय. जुन्यावर बांधलेला नव्यावर चालतो, उलटं नाही, म्हणून बांधायचा तो सगळ्यात जुन्या मशीनवर. पण तू दुसऱ्या रिलीजमधली लिबसी आणून बसवायची नाहीस. 'एलएस', 'सीपी', बॅश, स्वतः डीपीकेजी, सगळे तिच्यावर उभे आहेत. ती गेली की दुरुस्त करायला हातात काही उरत नाही. तुझ्या आधी कुणी हे केलेलं आढळलं, तर उघडं असलेलं रूट टर्मिनल बंद करू नकोस, नवीन लॉगिन मिळेलच असं नाही. बिझीबॉक्स स्टॅटिक असेल तर त्याच्या आत एलएस, सीपी, एमव्ही सगळं आहे. नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून बूट कर, डिस्क माउंट कर आणि योग्य रिलीजची लिबसीची डेब तिथून उलगड. डेब फाइल म्हणजे साधं एआर आर्काइव्ह, आत कंट्रोल आणि डेटा असे दोन टार. 'डीपीकेजी-डेब डॅश एक्स' ती थेट माउंट केलेल्या डिस्कवर उलगडून देतं. मग सीएचरूट करून तेच पॅकेज रीतसर पुन्हा बसव, म्हणजे वहीही जुळेल.

पायथनबद्दल दोनच गोष्टी. /यूएसआर/बिन/पायथन३ ला दुसऱ्या व्हर्जनकडे वळवू नकोस, उबुंटूची निम्मी हत्यारं 'ॲप्ट_पीकेजी' सापडत नाही म्हणून बंद पडतात. आणि पिप सुडोने चालवायचं नाही, व्हेन्व्ह करायचं. डेबियन १२ पासून पिप स्वतःच नाही म्हणतं, आणि तरी चालवायचंच असेल तर लागणाऱ्या पर्यायाचं नावच 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' आहे. इतकं सरळ नाव दुसऱ्या कुठल्या पर्यायाला दिलेलं मी पाहिलं नाही.

बाहेरची लायब्ररी सापडली की ती खाली आणायची: 'ॲप्ट इन्स्टॉल', नाव, बरोबरीचं चिन्ह, व्हर्जन. एकाच सोर्समधून निघालेली सगळी भावंडं एकाच ओळीत दे, नाहीतर ती एकमेकांना अडवतात. पुष्कळ असतील तर /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस मध्ये अधिकृत रिपॉझिटरीला १००१ अग्रक्रम दे. १००० च्या वर गेलं की ॲप्ट खाली उतरायलाही तयार होतं. काम झालं की ती ओळ काढ, विसरू नकोस. खाली उतरणं डेबियन अधिकृतपणे सांभाळत नाही. लायब्ररीचं सहसा निभावतं, पण डेटाबेस सर्व्हर असा खाली आणू नकोस, त्याने फाइली नव्या स्वरूपात लिहून ठेवलेल्या असतात. खुद्द डेबियनला मागे जायचं असतं तेव्हा काय करतात बघ. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम लपवलेलं मागचं दार सापडलं. स्टेबलमध्ये ते पोचलं नव्हतं, टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचलं होतं. तिथे जुना कोड परत दिला, पण व्हर्जन लिहिलं '५.६.१+रिअली५.४.५-१'. आकडा पुढे गेला, कोड मागे आला, आणि सगळ्यांचा साधा 'अपग्रेड' चालला.

सुरक्षेसाठी लायब्ररी बदललीस, तर ती वापरणाऱ्या सर्व्हिस रीस्टार्ट कर. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या त्रुटीच्या वेळी एका लिबएसएसएल पॅकेजने सगळे प्रोग्राम एकदम दुरुस्त झाले, सामायिक लायब्ररीचा हाच तर फायदा. पण आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनी लायब्ररीच मेमरीत धरून बसते. कोण अजून जुनीवर आहे ते 'नीडरीस्टार्ट' सांगतं.

आणि वहीच खराब झाली तर? लाइट गेल्यावर स्टेटस फाइल रिकामी किंवा अर्धवट झाली असेल, तर तिथेच शेजारी स्टेटस-ओल्ड असते. /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी डॉट स्टेटस डॉट ० आणि त्याआधीच्या जीझेड केलेल्या प्रती असतात. सगळ्यात अलीकडची चांगली प्रत परत जागेवर ठेव. मग /व्हार/लॉग/डीपीकेजी डॉट लॉग उघडून त्या प्रतीच्या तारखेनंतर काय काय बसलं ते बघ, आणि तेवढीच पॅकेजं 'ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' कर. सहाही मशीनवर आजच 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' चालवून त्याची यादी आणि पूर्ण /ईटीसी दुसरीकडे कॉपी करून ठेव. कधी सगळंच नव्याने बसवायची पाळी आली, तर या दोन गोष्टी असल्या की संध्याकाळपर्यंत मशीन उभं राहतं.